लॉकरमधील नाणी, तिकिटे आणि दागिने यांचा विमा कसा उतरवावा?

म्हार्दोळहून एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या वडिलांनी चाळीस वर्षांत सुमारे सहाशे नाणी आणि पोर्तुगीज अमदानीतील टपाल तिकिटांचे दोन अल्बम जमवले. हा संग्रह आणि आईचे दागिने फोंड्यातील एका बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. वडील गेल्या वर्षी वारले. बँकेतील अधिकारी म्हणतात की लॉकरमध्ये काय आहे हे आम्हाला ठाऊक नसते, त्यामुळे वस्तू गेल्यास त्यांच्या किमतीची जबाबदारी आमची नाही. विमा एजंट म्हणतो की घराची पॉलिसी घ्या, त्यात सगळेच येते. यांपैकी कोणाचे खरे मानावे आणि विमा घ्यायचा झाल्यास तो कसा घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

बँकेचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि एजंटाचे जवळजवळ पूर्ण चूक आहे. गेली सव्वीस वर्षे मी गोव्यात मालमत्ता विम्याच्या दाव्यांचे सर्वेक्षण करतो. लॉकरमधील वस्तूंचे जे दावे माझ्यासमोर अडले, त्यांपैकी फार थोडे दावे हप्ता थकल्यामुळे किंवा पॉलिसी नसल्यामुळे अडले. बहुतेक ठिकाणी हप्ता वेळेवर भरलेला होता, परंतु त्या पेटीत अमुक दिवशी अमुक वस्तू होती, ती अमक्याच्या मालकीची होती आणि तिची किंमत एवढी होती, हे दाखवणारा कागद घरात नव्हता. म्हणून हे उत्तर पॉलिसीविषयी जितके आहे, तितकेच त्या कागदाविषयी आहे.

प्रथम बँकेची बाजू पाहू. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी लॉकरविषयी सुधारित सूचना काढल्या आणि त्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झाल्या. आग, चोरी, घरफोडी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याने केलेली लबाडी यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्या, तर बँकेची जबाबदारी त्या लॉकरच्या चालू वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतकी धरलेली आहे. आपले भाडे वर्षाला २,५०० रुपये असेल तर हा आकडा अडीच लाख रुपये होतो. पेटीत वीस लाखांचा ऐवज असला तरी आकडा तोच राहतो, आणि दोन लाखांचा असला तरी तोच राहतो. भूकंप, पूर, वीज पडणे, वादळ अशा नैसर्गिक आपत्तींत आणि ग्राहकाच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे झालेल्या नुकसानीत ही जबाबदारी लागू होत नाही, मात्र अशा आपत्तींपासून जागा सुरक्षित ठेवण्याची योग्य ती काळजी बँकेने घेतलीच पाहिजे, असे त्याच सूचनांत म्हटले आहे. गोव्यात राहणाऱ्या माणसाने यातील पूर हा शब्द दोनदा वाचावा. जुलै २०२१ मध्ये सत्तरी, डिचोली आणि खांडेपारच्या काठाने काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि आपल्याकडच्या पुष्कळ शाखांची लॉकर खोली तळमजल्यावर असते.

या सूचनांच्या मागे सर्वोच्च न्यायालयाचा १९ फेब्रुवारी २०२१ चा एक निकाल आहे. कोलकात्यातील एका ग्राहकाचा लॉकर बँकेने पूर्वसूचना न देता फोडला होता, आणि त्यातील सात दागिन्यांपैकी दोनच त्यांना परत मिळाले. न्यायालयाने बँकेला दोषी ठरवून पाच लाख रुपये भरपाई देवविली आणि सहा महिन्यांत नियम करण्यास रिझर्व्ह बँकेला सांगितले. वर्तमानपत्रांनी एवढेच छापले. परंतु लॉकरमध्ये नेमके काय होते आणि त्याची किंमत किती होती, हा वाद ग्राहकाने दिवाणी न्यायालयात पुराव्यानिशी सिद्ध करावा, हेही त्या निकालात आहे. बँकेची चूक उघड असूनही वस्तूंच्या किमतीचा प्रश्न पुराव्यापाशीच थांबला. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्या निकालातील सर्वांत महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो.

रिझर्व्ह बँकेच्या त्याच सूचनांनुसार, बँकेकडे लॉकरमधील वस्तूंची नोंद नसल्यामुळे त्यांचा विमा उतरवण्याचे बंधन बँकेवर नाही, आणि लॉकरमधील वस्तूंसाठी कोणतीही विमा योजना ग्राहकाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे विकण्यास बँकेला मनाई आहे. म्हणून काउंटरवर कोणी ‘लॉकरसोबत विमा’ असे काही सुचवले, तर त्या कागदावर सही करू नका. आणखी एक गैरसमज आपल्याकडे फार पसरलेला आहे. ठेव विमा महामंडळाचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण केवळ ठेवींना आहे, लॉकरला त्याचा काही संबंध नाही. गोव्यातील दोन नागरी सहकारी बँकांचे परवाने २०२० आणि २०२१ मध्ये रद्द झाले, त्या वेळी अनेक जण माझ्याकडे हीच विचारणा घेऊन आले होते. लॉकरमधील वस्तू ग्राहकाच्याच मालकीच्या राहतात, त्या बँकेच्या देणेकऱ्यांत वाटल्या जात नाहीत. मात्र त्या हरवल्या तर ठेव विम्यातून एक रुपयाही मिळत नाही.

आता एजंटाच्या म्हणण्याकडे येतो. १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे, आणि एजंट बहुधा तिच्याविषयीच बोलत असावा. पॉलिसी चांगली आहे, घर आणि घरातील सर्वसाधारण सामान यांसाठी मी ती सर्वांना घ्यायला सांगतो. परंतु लॉकरमधील संग्रहासाठी तिच्यात चार अडचणी आहेत. दागिने, चांदीची भांडी, चित्रे, पुराणवस्तू अशा मौल्यवान गोष्टी तिच्यात आपोआप येत नाहीत, त्यांसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते. विमा उतरवलेली वस्तू घरातून दुसरीकडे नेली असता झालेले नुकसान तिच्यातून वगळलेले आहे, आणि लॉकर हे घर नव्हे. आग किंवा पूर यांसारखी संरक्षित घटना घडल्यानंतर सात दिवसांच्या आत तिच्यामुळे झालेली चोरीच तिच्या मूळ मजकुरात बसते, साधी चोरी बसत नाही. आणि चौथी अडचण आपल्यासाठी सर्वांत मोठी आहे. सोन्याचांदीची लगड, न जडवलेली रत्ने, हस्तलिखिते, कागदपत्रे, नाणी आणि कागदी चलन या गोष्टी पॉलिसीत स्पष्टपणे लिहून घेतल्या नसतील तर त्या वगळलेल्याच धरल्या जातात. वडिलांची सहाशेच्या सहाशे नाणी या एका ओळीने बाहेर पडतात. एजंटाने तोंडी ‘सगळे येते’ म्हटले होते, हे दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

मग मागायचे काय? काही सर्वसाधारण विमा कंपन्या केवळ बँक लॉकरमधील वस्तूंसाठी स्वतंत्र पॉलिसी देतात, आणि काही कंपन्या दागिने व मौल्यवान वस्तूंचे ‘ऑल रिस्क’ संरक्षण देतात, ज्यात वस्तू लॉकरमध्ये असतील ही अट लिहून घेतल्यास हप्त्याचा दर कमी होतो. कोणतीही घ्या, पण प्रस्तावाच्या अर्जात ‘दागिने इत्यादी’ असे लिहून सोडू नका. ‘इत्यादी’ या शब्दावर दावा मंजूर झालेला मी पाहिलेला नाही. नाणी, तिकिटे आणि दागिने अशी तीन वेगळी शीर्षके करा, प्रत्येकाची यादी जोडा, आणि ‘संग्राह्य नाणी, चलनात नसलेली’ हे शब्द पॉलिसीच्या परिशिष्टात छापून आले आहेत याची खात्री करून घ्या. हे शब्द दोन कारणांसाठी हवे आहेत. एक म्हणजे वर सांगितलेले वगळणे टळते. दुसरे म्हणजे बँकेच्या लॉकर करारात रोकड किंवा चलन ठेवण्यास मनाई असते, आणि संग्रहात भारत सरकारची स्मारक नाणी किंवा आज चालणाऱ्या नोटांच्या गड्ड्या असतील तर त्या चलनच ठरतात. करार मोडून ठेवलेल्या वस्तूवर कंपनी हरकत घेऊ शकते. असा भाग वेगळा काढून घरी ठेवणे बरे. पोर्तुगीज रुपिया, तांगा किंवा एस्कुदो आज कोठेही चालत नाहीत, त्यांच्याविषयी ही अडचण येत नाही.

पॉलिसीत किंमत कोणत्या पद्धतीने धरली आहे ते पाहणे अत्यावश्यक आहे. बाजारभावाच्या पद्धतीत नुकसानीच्या दिवशी वस्तूची जी किंमत सिद्ध होईल ती मिळते, आणि तिला अल्पविम्याचा नियम लागतो. समजा, लॉकरमधील ऐवज वीस लाखांचा आहे, विमा बारा लाखांचा आहे आणि पाच लाखांचा एक हार गेला. विमा रक्कम बारा लाख आहे म्हणून पाच लाख पूर्ण मिळतील, असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात विमा साठ टक्क्यांचाच असल्यामुळे तीन लाख मिळतात. २०२३ च्या मध्यावर दहा ग्रॅम शुद्ध सोने साठ हजारांच्या आसपास होते आणि २०२५ मध्ये ते एक लाखाच्या पुढे गेले. त्या काळात ज्यांनी जुन्याच रकमेवर नूतनीकरण केले, ते सगळे न कळत या खड्ड्यात आहेत. दागिन्यांची रक्कम दरवर्षी वाढवावी. नाणी आणि तिकिटे यांसाठी मात्र ठरलेल्या मूल्याची पद्धतच घ्यावी, म्हणजे तज्ज्ञाच्या मूल्यांकनानुसार प्रत्येक नगाची किंमत कंपनी आधीच मान्य करते आणि दाव्याच्या वेळी तीच धरली जाते. दुर्मीळ नाण्याला सोन्यासारखा रोजचा भाव नसतो. नाणे गेल्यावर त्याचा भाव ठरवायला बसलो तर आपण आणि कंपनी यांच्यात वर्ष निघून जाते.

वाटेतील संरक्षणही मागावे. आपल्याकडे लॉकर वर्षातून दोन-तीनदाच उघडतो, आणि त्यांतील एक वेळ चवथीच्या आदल्या आठवड्यात असते. त्या दिवशी लॉकर खोलीबाहेर बाकावर बसायला जागा नसते, बाहेर पाऊस असतो, आणि पाटल्या, तोडे, चंद्रहार कापडी पिशवीत घालून माणूस बसने किंवा स्कूटरने घरी जातो. जत्रा आणि लग्ने यांचेही तसेच. ‘वस्तू लॉकरमध्ये असतानाच’ एवढेच पॉलिसीत लिहिलेले असेल तर या चार-सहा दिवसांत काहीही संरक्षण नसते. वर्षातून ठरावीक दिवस वस्तू बाहेर राहील अशी सवलत थोड्या जास्त हप्त्यात मिळते. ती घेताना किती दिवस, कोणत्या पत्त्यावर आणि घरी कपाटात की तिजोरीत, हे नीट वाचावे.

काही गोष्टी सहसा कोणतीच पॉलिसी देत नाही. हळूहळू होणारी झीज, गंज, बुरशी, कीड आणि वाळवी, वस्तूच्या स्वतःच्या गुणधर्मामुळे होणारा ऱ्हास, तसेच उघडताना वस्तू नाही एवढेच कळते पण ती कशी गेली याचा कोणताही माग नाही अशी हानी, या बहुतेक ठिकाणी वगळलेल्या असतात. मुरादाबादमध्ये २०२३ साली लॉकरमधील अठरा लाखांच्या नोटा वाळवीने खाल्ल्याची बातमी आली होती. गोव्याच्या हवेत नाणी आणि तिकिटे यांचा खरा शत्रू चोर नाही, ओल आहे, आणि ओलीचे पैसे विमा देत नाही.

येथे एक प्रसंग सांगतो. उत्तर गोव्यातील एका शाखेत पावसाळ्यात पाणी शिरले आणि सर्वांत खालच्या रांगेतील पेट्या भिजल्या. एका कुटुंबाच्या दाव्यासाठी मी तेथे गेलो होतो. कर्मचाऱ्याने आपली किल्ली फिरवली, घरच्या बाईंनी आपली फिरवली, आणि पेटी बाहेर ओढली तेव्हा तळाशी बोटभर गढूळ पाणी होते. मखमलीच्या डब्यांचा रंग सुटून सोन्यावर आला होता, पण सोने धुऊन स्वच्छ झाले. तिकिटांचा अल्बम मात्र विटेसारखा एकसंध झाला होता. चांदीची नाणी प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून वर रबर बँड लावलेले होते. एक पाकीट उघडून पाहिले तर नाण्यावर हिरवट चिकट थर होता आणि राजाच्या चेहऱ्यावरून बरोबर रबर बँडच्या रुंदीची काळी रेघ गेली होती. ती रेघ पुराच्या पाण्याने आलेली नव्हती, रबरातील गंधकाने चांदी काळी पडायला वर्षे लागली होती, आणि हिरवा थर मऊ प्लॅस्टिकमधून झिरपलेल्या द्रव्याचा होता. पुराच्या आधी ती नाणी कोणत्या स्थितीत होती हे दाखवणारे एकही छायाचित्र घरात नव्हते. पाण्याचे नुकसान किती आणि जुने किती, हे वेगळे करायला माझ्याकडे साधन नव्हते, आणि कुटुंबाला नाण्यांबद्दल मागितल्याच्या मानाने फार थोडे मिळाले. तो अहवाल लिहिताना मला वाईट वाटले होते, आजही वाटते. नाणी मायलार नावाच्या प्लॅस्टिकच्या कडक, मेणचटपणा नसलेल्या पाकिटांत ठेवा, रबर बँड काढून टाका, ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी दर सहा महिन्यांनी बदला, आणि चिंच किंवा राख लावून नाणे कधीही घासू नका. घासलेले नाणे चकचकीत दिसते, पण संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरलेली असते, आणि मूल्यांकन करणारा ते भिंगाखाली लगेच ओळखतो.

त्याच पेटीत बाईंच्या सासूबाईंच्या हातची दागिन्यांची एक यादी होती, शाईने लिहिलेली, प्रत्येक ओळीत नाव आणि तोळे. दागिन्यांचा दावा तिच्यामुळेच तरला. परंतु तिच्यातील वजने आणि सराफाने काढलेली वजने जुळेनात, प्रत्येक दागिना यादीपेक्षा जड भरत होता. कारण तोळ्याचे होते. आज सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. खात्रीसाठी मी त्यांच्याच पेटीतील पोर्तुगालच्या पहिल्या लुईश राजाचा १८८१ चा एक रुपिया काट्यावर ठेवला. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर हे रुपिये कोलकात्याच्या टांकसाळीत ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचे पाडले गेले, म्हणून तो नेमका जुना एक तोळा असतो. झिजलेले नाणे साडेअकरा ग्रॅमच्या थोडे वर भरले, आणि यादीचा हिशेब सुटला. आपल्या घरीही अशी यादी असेल तर ती फेकू नका, पण विमा कंपनीला देताना प्रत्येक वजन नव्याने ग्रॅममध्ये काढून घ्या. सहाशे ग्रॅमच्या ऐवजात या एका गोंधळाने जवळजवळ शंभर ग्रॅमचा फरक पडतो.

आता कागद कसा तयार करायचा ते सांगतो. दागिन्यांसाठी सरकारमान्य मूल्यनिर्धारकाकडून प्रमाणपत्र घ्या. त्यात प्रत्येक दागिन्याचे एकूण वजन, खडे-मोती वगळून निव्वळ वजन, कॅरेट, खड्यांचे वर्णन आणि छायाचित्र असावे, आणि घडणावळ धरली आहे की नाही ते स्पष्ट असावे. नव्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक असतो, तो यादीत उतरवून घ्या. जुन्या दागिन्यांवर तो नसतो, म्हणून त्यांची शुद्धता तपासून घेणे आणखी गरजेचे असते. नाण्यांसाठी सराफाचे प्रमाणपत्र चालवून घेऊ नका. सराफ चांदीचे वजन करतो, आणि १९४७ चा रुपिया निम्म्या चांदीचा आहे, १९५२ चा तांबे-निकेलचा आहे, एवढे सांगून थांबतो. गोव्याच्या कदंब राजांच्या सिंहमुद्रेच्या गद्याणाची, म्हणजे सोन्याच्या नाण्याची, किंमत त्यातील सोन्याच्या कित्येक पट असू शकते. नाण्यांचा जाणकार शोधा, आणि प्रत्येक महत्त्वाच्या नाण्याची राजा, वर्ष, टांकसाळ, मूल्य, वजन, व्यास आणि अवस्था अशी नोंद करून दोन्ही बाजूंची छायाचित्रे मोजपट्टी शेजारी ठेवून काढा. वडिलांनी खरेदीच्या पावत्या, लिलावाची पत्रे किंवा नोंदवही ठेवली असेल तर ती या सगळ्याहून मोलाची आहे. मूल्यांकनाची एक प्रत घरी, एक विमा कंपनीकडे आणि एक परगावच्या नातेवाइकाकडे असावी. ती लॉकरमध्येच ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि लॉकर गेला तेव्हा यादीही त्याबरोबर गेली.

लॉकर उघडाल त्या दिवशी पेटीत काय ठेवले आणि काय काढले याची तारखेनिशी वही ठेवा. लॉकर उघडल्याचा संदेश बँकेने त्याच दिवशी मोबाइलवर पाठवला पाहिजे आणि लॉकर खोलीच्या वाटेवरील कॅमेऱ्याचे चित्रण किमान १८० दिवस जपले पाहिजे, असा नियम आहे. आपली वही आणि बँकेचा संदेश यांच्या तारखा जुळल्या की दाव्याला भक्कम आधार मिळतो. सहा महिन्यांच्या आत लॉकर एकदा उघडून पाहावा असे मी सांगतो, तेही याच कारणासाठी. चित्रण पुसले गेल्यावर उघडकीला आलेल्या चोरीत कोणाकडेच काही उरत नाही.

अनेक जण यादी करायला घाबरतात, कारण आयकर खाते विचारील अशी भीती असते. संपत्ती कर रद्द होऊन कित्येक वर्षे झाली. विवाहित स्त्रीचे ५००, अविवाहित स्त्रीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने छाप्यातही जप्त करू नयेत, अशी प्रत्यक्ष कर मंडळाची ११ मे १९९४ ची सूचना आहे, आणि वारशाने किंवा जाहीर उत्पन्नातून आलेल्या त्याहून जास्त सोन्यालाही बंदी नाही. वारशाचा कागद असलेली यादी उलट आपले रक्षण करते.

मालकीचा प्रश्न आपल्या बाबतीत सर्वांत नाजूक आहे, आणि तो गोव्याच्या कायद्यामुळे इतर राज्यांहून वेगळा आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर येथे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, म्हणजे वडिलांच्या नावाच्या लॉकरमधील ऐवजात निम्मा हिस्सा आधीपासूनच आईचा आहे, आणि उरलेल्या निम्म्यावर वारसांचा हक्क आहे. लॉकरवर आपले नाव नामनिर्देशित असेल तर बँक वस्तू आपल्या ताब्यात देईल, परंतु त्यामुळे आपण एकटे मालक होत नाही. विमा कंपनी विचारते ते मालकी आणि हितसंबंध. आपण एकट्याच्या नावाने पॉलिसी घेतली आणि उद्या बहिणीने हिस्सा मागितला, तर कंपनी वाद मिटेपर्यंत पैसे रोखून धरील. म्हणून तूर्त पॉलिसी आई आणि सर्व वारस यांच्या संयुक्त नावाने घ्यावी, आणि वारसा हक्काची इन्व्हेंटरीची कार्यवाही, म्हणजे न्यायालयामार्फत होणारी मालमत्तेची यादी व वाटणी, पूर्ण झाल्यावर हिश्शांप्रमाणे ती बदलून घ्यावी. मृत ग्राहकाचा दावा कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत निकाली काढणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि वस्तू सोपवण्यापूर्वी साक्षीदारांसमोर त्यांची यादी केली जाते. ती यादी ‘पिवळ्या धातूच्या बांगड्या, नग चार’ अशा मोघम शब्दांत केली जाते. त्या दिवशी आपला मूल्यनिर्धारक आणि काटा बरोबर न्या, आणि त्या यादीवरच विम्याची यादी उभी करा. याहून चांगली संधी पुन्हा येणार नाही.

लॉकरचा पत्ताही तपासा. १ एप्रिल २०२० रोजी कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत आणि सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. या दोन्ही बँकांच्या शाखा गोव्यात सर्वत्र होत्या, आणि त्यानंतर शाखा एकत्र होऊन लॉकर दुसऱ्या इमारतीत गेलेली कुटुंबे मला ठाऊक आहेत. पॉलिसीत जुन्या शाखेचा पत्ता आणि जुना लॉकर क्रमांक राहिला असेल तर आज वस्तू जेथे आहेत तेथे विमाच नाही, असा अर्थ निघू शकतो. एका पत्राने ही दुरुस्ती होते.

नुकसान झालेच तर बँक, पोलीस आणि विमा कंपनी यांना त्याच दिवशी लेखी कळवा, आणि सर्वेक्षक येईपर्यंत काही पुसू वा धुऊ नका. भिजलेल्या वस्तूंची छायाचित्रे पेटीतून काढण्याआधी घ्या. बँकेने शंभरपट भाड्याची रक्कम देऊ केली आणि ‘पूर्ण आणि अंतिम’ अशा पावतीवर सही मागितली, तर विमा कंपनीला विचारल्याशिवाय ती सही करू नका. विमा कंपनी आपल्याला पैसे दिल्यानंतर आपल्या जागी उभी राहून बँकेकडून वसुली करू शकते. तिचा तो हक्क आपण सहीने सोडून दिला तर आपला दावाच अडचणीत येतो. कंपनीचा निर्णय पटला नाही आणि रक्कम पन्नास लाखांच्या आत असेल तर मुंबईच्या विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. गोवा त्यांच्याच कक्षेत येतो आणि तेथे शुल्क लागत नाही.

वस्तू बँकेत आहे एवढ्यावर समाधान मानण्याची आपली सवय जुनी आहे, आणि गोव्याने तिची परीक्षा एकदा दिलेली आहे. डिसेंबर १९६१ मध्ये बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेकडे गोवेकरांनी ठेवलेले सोने लिस्बनला नेले गेले आणि ते १९९१ मध्ये परत आले. तीस वर्षांनी आपले पुडके ओळखायचे झाले तेव्हा घरात जपलेल्या कागदाची किंमत काय असते, हे त्या पिढीने अनुभवले. आपल्या आईंना त्या दिवसांची आठवण असेल तर दागिन्यांची यादी करताना त्यांना जवळ बसवून घ्या. कोणता दागिना कोठून आला हे त्याच सांगू शकतील, आणि ते प्रत्येक ओळीत लिहून ठेवा.

सहाशे नाण्यांपैकी सगळ्यांचा नगवार विमा उतरवू नका, त्यात मूल्यांकनाचा खर्चच हप्त्याहून जास्त होईल. अशा संग्रहांत बहुतेक किंमत तीस-चाळीस नाण्यांत असते आणि बाकीचे पाव तांगे व तांब्याची नाणी मिळून एक गठ्ठा होतो. जाणकाराकडून ती तीस-चाळीस आधी निवडून घ्या, त्यांना ठरलेल्या मूल्याने नगवार संरक्षण द्या, आणि उरलेल्यांची मोजदाद व वजन लिहून एक ठोक रक्कम धरा. तिकिटांत १८७१ च्या पहिल्या मालिकेतील काही असतील तर ती अल्बममधून वेगळी काढून जाणकाराला दाखवा, कारण त्या मालिकेत नकलाही पुष्कळ आहेत आणि नकलेवर हप्ता भरण्यात अर्थ नाही. आणि बँकेत वरच्या रांगेतील लॉकर रिकामा झाला असेल तर मृगापूर्वी अर्ज करून तो मागून घ्या.